न्यायाधीश बोलले, ज्युरीला काय कळलं?

ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसवलेली सामान्य माणसं, निकाल देते, कारणं देत नाही. ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’, एवढंच. बंद खोलीत कुणाला कुठला पुरावा पटला, कोण कशावर अडलं, याची नोंद नसते. मग अपिलात वरच्या कोर्टाने तपासायचं काय? पुरावा संपल्यावर न्यायाधीश ज्युरीला कायदा समजावून सांगतात. त्यांचे ते शब्द मात्र कागदावर असतात. म्हणून ज्युरीच्या खटल्यांत अपिलाची लढाई पुष्कळदा त्या शब्दांवरच होते.

नानावटी खटला आपल्याकडे ठाऊक नाही असा माणूस विरळा. नौदलाचा रुबाबदार अधिकारी, कोर्टाबाहेरची गर्दी, सगळं सांगून झालंय. पण तो निकाल नेमका कशामुळे फिरला, हे फार कमी सांगितलं जातं. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजा यांचा त्यांच्याच घरात गोळ्या लागून मृत्यू झाला आणि खुनाचा आरोप नानावटींवर आला. नऊ जणांच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे ज्युरीचा निकाल तर टिकला नाहीच, पण खुद्द त्या न्यायाधीशांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शनही सदोष ठरलं.

दोष काय होता? झटापटीत रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्या, तो अपघात होता, असं नानावटींचं म्हणणं. खून वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची, असं न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं. ते बरोबरच. पण आरोपी अपघातासारख्या अपवादाचा आधार घेतो, तेव्हा त्या काळच्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे ती परिस्थिती दाखवण्याचा भार त्याच्यावर येत असे. हे सांगायचं राहून गेलं. अर्धा कायदा ऐकून नऊ माणसं खोलीत गेली. कसलाही कायदा न शिकलेल्या माणसाने उरलेला अर्धा स्वतःच ओळखावा, अशी अपेक्षा कशी ठेवणार?

उच्च न्यायालयाने दिलेली जन्मठेप २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या निकालातला एक तपशील मला विसरता येत नाही. आहुजा नुकतेच न्हाणीघरातून बाहेर आले होते आणि अंगावर फक्त टॉवेल होता. झटापट झाली म्हणावं, तर तो टॉवेल मृतदेहावर जसाच्या तसा होता. ना सुटलेला, ना फाटलेला. आणि नानावटी घरातून निघाले दुपारी दीडला, तर गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’, म्हणजे अचानक भडकलेल्या रागात तोल गेला, असं म्हणावं, तर मधल्या जवळपास तीन तासांचं काय?

इथवर झाली कायदा चुकीचा किंवा अपुरा सांगण्याची गोष्ट. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. कायदा अगदी बिनचूक सांगितला आणि तरी तो कळलाच नाही तर?

अमेरिकेत याचा पद्धतशीर अभ्यास झाला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भाषावैज्ञानिक संशोधनात कॅलिफोर्नियातल्या दिवाणी खटल्यांत ज्युरीला द्यायच्या १४ ठराविक सूचना सामान्य लोकांना टेपवर ऐकवल्या आणि ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हटलं. बराच मजकूर गळून गेला. गंमत म्हणजे वाक्य लांब आहे की आखूड, यावर फारसं अवलंबून नव्हतं. अडवत होती ती रचना: क्रियापदांची केलेली नामं, एकात एक अडकलेले नकार, कर्ता गायब करणारे कर्मणी प्रयोग. हीच वाक्यं सुटसुटीत करून ऐकवल्यावर लोकांना ती जास्त कळली.

तिथल्या एका जुन्या सूचनेचं वळण मराठीत आणलं तर साधारण असं होईल: ‘विस्मरण होणे हा सर्वसामान्य अनुभव असून निष्पाप विपर्यस्त स्मरण असामान्य नव्हे.’ एकदा मोठ्याने वाचून पाहा. आता नवी सूचना: ‘माणसं कधीकधी प्रामाणिकपणे विसरतात, किंवा आठवताना चुकतात.’ साक्षीदाराच्या विसंगतीकडे कसं पाहायचं, हे दुसऱ्या वाक्यात शाळकरी पोरालाही कळेल. कॅलिफोर्नियाने फौजदारी खटल्यांसाठी अशा साध्या भाषेतल्या सूचना २००६ पासून वापरात आणल्या.

पण ज्युरीला सूचना कळली, हे अमेरिकेतली वरची कोर्टं बहुतेक वेळा गृहीतच धरतात. व्हर्जिनियातल्या लॉनी वीक्स या खुनाच्या आरोपीच्या खटल्यात ज्युरीने चिठ्ठी पाठवून विचारलं होतं: गुन्ह्याचं गांभीर्य वाढवणारी एखादी बाब सिद्ध झाली, तर मृत्युदंड देणं आमचं कर्तव्यच आहे, की मृत्युदंड आणि जन्मठेप यांत निवड आम्ही करायची? बरोबर उत्तर होतं, ‘निवड तुमची.’ दोन शब्दांचं काम. न्यायाधीशांनी मात्र आधीच दिलेल्या सूचनेच्या दुसऱ्या परिच्छेदाकडे बोट दाखवलं, म्हणजे ज्या मजकुरावरून गोंधळ झाला होता त्याच मजकुराकडे. सुमारे दोन तासांनी ज्युरीने मृत्युदंड सुनावला. निकालावर एकेकाची संमती विचारली जात होती, तेव्हा त्यांतले बहुतेक जण रडत होते.

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती शिक्षा कायम केली. सूचना कायद्याला धरून होती, आणि ज्युरी सूचना समजून त्याप्रमाणे वागते असं मानलं जातं, हे त्यामागचं कारण. मार्चमध्ये शिक्षेची अंमलबजावणी झाली. पुढे अभ्यासकांनी लुटुपुटुची ज्युरी बसवून तोच प्रसंग पुन्हा उभा केला. ज्यांना थेट उत्तर मिळालं, त्यांना कायदा जास्त नीट कळला होता.