स्वीकार आणि सजगताधारित मानसोपचार

क्लेशदायक विचार, भावना व शारीरिक संवेदना मनातून घालवण्याचा खटाटोप न करता त्यांची जाणीवपूर्वक दखल घेण्यास, त्या असतानाही आपल्याला मोलाची वाटणारी कामे करत राहण्यास शिकवणाऱ्या उपचारपद्धतींचा गट. मराठी वाचकांना परिचित असलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचारात अविवेकी समजुतीचा प्रतिवाद केला जातो. येथे विचार खरा की खोटा या वादात शिरण्याऐवजी, तो केवळ एक विचार आहे हे ओळखण्याचा सराव करून घेतला जातो. स्वीकार म्हणजे हतबलता नव्हे. अन्याय किंवा मारहाण निमूट सोसावी असे ही पद्धत सांगत नाही. स्वीकार करायचा तो मनात उमटणाऱ्या अनुभवाचा.

जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट वेदना असलेल्या रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून, सजगता (चालू क्षणी मनात व शरीरात जे घडते त्याकडे, बरे-वाईट न ठरवता लक्ष देणे) शिकवणारा कार्यक्रम सुरू केला. बौद्ध ध्यानपरंपरेतील साधना त्यांनी धार्मिक चौकटीबाहेर, रुग्णालयात आणली.

नैराश्यातील उपयोगाचा अभ्यास विशेष बोलका आहे. नैराश्यातून बरी झालेली व्यक्ती किरकोळ उदासीनेही जुने विचार उगाळू लागते आणि त्यातून विकार उलटतो, हे ओळखून झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल यांनी बोधात्मक उपचार (विचारांच्या सवयी ओळखून बदलण्याची पद्धत) आणि सजगता यांची सांगड घातली. त्यांच्या 2000 सालच्या चाचणीत, पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांपैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या 66 टक्के, तर हा कार्यक्रम केलेल्या 37 टक्के रुग्णांचा विकार 60 आठवड्यांत उलटला. ज्यांना दोनदाच नैराश्य आले होते, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. पुढे 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या 424 रुग्णांच्या चाचणीत, विकार उलटू नये म्हणून औषधे चालू ठेवण्यापेक्षा ही पद्धत सरस ठरली नाही, दोन्ही गटांतील प्रमाण जवळपास सारखे होते. त्यामुळे सजगतेच्या भरवशावर परस्पर गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

स्टीव्हन हेज यांनी नेवाडा विद्यापीठात सहकाऱ्यांसह विकसित केलेली स्वीकार व वचनबद्धता उपचारपद्धती (‘अ‍ॅक्ट’) मानसिक लवचीकतेवर, म्हणजे त्रासदायक अनुभव असतानाही मोलाचे काम करत राहण्याच्या क्षमतेवर, उभी आहे. चिंताविकार असलेली व्यक्ती धडधड होईल या भीतीने बस, बाजार, समारंभ टाळत जाते आणि तिचे जग आक्रसते. धडधड थांबण्याची वाट न पाहता, ती सोबत घेऊनच समारंभाला कसे जाता येईल, हे तिच्याबरोबर ठरवले जाते. मंत्रचळात (नको ते विचार येऊन तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) अशुद्धतेचा विचार येऊ द्यायचा, पण हात धुवायला उठायचे नाही, असा सराव असतो. मनोविकृतीतील, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या विकारांतील, उपयोग अनपेक्षित वाटेल, परंतु 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 80 आंतररुग्णांच्या अभ्यासात अवघ्या चार सत्रांनंतर पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण चार महिन्यांत निम्म्यावर आले. या रुग्णांनी भास व भ्रम होत असल्याचे अधिक मोकळेपणाने सांगितले. ते भास व भ्रम खरे आहेत हा त्यांचा विश्वास मात्र कमी झाला होता. यश केवळ लक्षणांच्या मोजणीने ठरवू नये, असे हा निष्कर्ष सुचवतो.

सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार (भावना व नातेसंबंध कमालीचे अस्थिर असणारा विकार) आणि वारंवार स्वतःला इजा करण्याची प्रवृत्ती यांसाठी मार्शा लिनहॅन यांनी द्वंद्वात्मक वर्तनोपचार घडवला. त्यात स्वीकाराइतकाच बदलावर भर असून भावनांचे नियमन आणि परस्परसंबंध हाताळण्याची कौशल्येही शिकवली जातात. व्यसनमुक्तीत अ‍ॅलन मार्लट यांनी तलफेची लाट चढते आणि ओसरते, तिला बळी न पडता ती पाहत राहावे, हे तंत्र रुजवले.

तीव्र आघात सोसलेल्यांना डोळे मिटून दीर्घकाळ बसल्यास जुन्या आठवणी उफाळून त्रास होऊ शकतो. अशांसाठी जाणकार उपचारक सत्र लहान ठेवतात, डोळे उघडे ठेवायला सांगतात किंवा चालताना पावलांकडे लक्ष द्यायला लावतात. इगतपुरीसारख्या केंद्रांतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे ही साधना आहे, मानसोपचार नव्हे. गंभीर मानसिक विकार असलेल्यांना शिबिराची शिफारस तेथेही केली जात नाही.