वायुचलित हत्यारांचा सुरक्षित वापर

संपीडित हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन (नट-बोल्ट फिरवणारी), ग्राइंडर, ड्रिल, छिन्नी-हातोडा, फवारा-गन इत्यादी हत्यारे कार्यशाळेत वापरताना घ्यावयाची काळजी. कामाचा दाब बहुधा 6 ते 7 किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. (सुमारे 90 पीएसआय, म्हणजे पौंड प्रति चौ. इंच) असतो.

या हत्यारांचा उगम सामान्यतः आल्प्समधील माँ सनी (फ्रेझ्यूस) बोगद्याशी जोडतात. 1857 मध्ये तेथे हाताने खोदाई सुरू झाली; अभियंता जेर्मेन सोमेयेने 1861 मध्ये इटलीच्या बाजूने हवेवर चालणारी छिद्रणयंत्रे लावली. काही लेखक इंग्रज अभियंता थॉमस बार्टलेटच्या वाफेवरील यंत्राला अग्रमान देतात. सोमेयेच्या रचनेवर त्याची छाया असावी, तथापि हवेचा कारखानी पातळीवरील वापर सोमेयेचाच मानणे अधिक सयुक्तिक. कार्यशाळेत रुळलेला हातातला हातोडा नंतरचा. चार्ल्स ब्रॅडी किंगचे त्यावरील पेटंट 1894 चे आहे.

अपघात हत्यारापेक्षा हवेमुळेच अधिक विचित्र होतात. दाबलेले पाणी फट पडताच शांत होते. हवा मात्र प्रसरण पावत राहते. म्हणून पाण्याचे पीव्हीसी पाइप हवेच्या लाइनला जोडू नयेत. ते फुटले की धारदार तुकडे उडतात. कपलिंग (जोड) निसटलेला रबरी पाइप फटकारे मारतो. मोठ्या व्यासाच्या जोडांवर साखळी अथवा तारेचा फास असावा. काँप्रेसर बंद केला तरी टाकीत आणि लाइनमध्ये दाब उरतो. सॉकेट (नटावर बसणारी टोपी) किंवा ग्राइंडरची चकती बदलण्यापूर्वी वॉल्व्ह बंद करून ट्रिगर दाबून पाइप रिकामा करणे ही सवय त्यासाठीच. टाकीच्या बुडाशी साचणारे पाणी रोज काढले नाही तर पत्रा आतून गंजतो. हवेऐवजी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडणे तर तेलाच्या संपर्कामुळे थेट स्फोटाला निमंत्रण होय.

अंगावरची धूळ ‘हवा मारून’ झटकण्याची प्रथा सर्वत्र आढळते व तीच सर्वांत घातक ठरते. अमेरिकी नियमानुसार (संघीय नियमसंहिता, 29 सीएफआर 1910.242) सफाईसाठीची हवा 30 पीएसआयपेक्षा कमी (सुमारे 2.1 किग्रॅ. प्रति चौ. सेंमी.) हवी आणि सोबत चष्मा व उडणाऱ्या कणांपासून आडोसा हवा. हा आकडा रेग्युलेटरचा (दाब-नियंत्रकाचा) की नॉझलचा (हवा सुटणाऱ्या तोंडाचा), असा घोळ होतो. प्रचलित अर्थ असा की नॉझलचे तोंड पूर्ण झाकले गेले तरी तेथील दाब मर्यादेखाली राहावा. त्यामुळे बाजूला सुटका-छिद्रे असलेले नॉझल लाइनमध्ये पूर्ण दाब असतानाही चालते. तथापि ही मर्यादा वस्तूंच्या सफाईची आहे, शरीराची नव्हे. आतडे फाटण्यास सुमारे 4 पीएसआय पुरतात, असे 1931 मधील प्रयोगांतून दिसले. थट्टेत गुदद्वाराजवळ पाइप धरल्याने झालेल्या इजांची वैद्यकीय नोंद 1904 पासून आहे, आणि भारतीय वर्तमानपत्रांत आजही अशा बातम्या येतात.

कंपनाने बोटे पांढरी पडणे हा दीर्घकालीन विकार. फ्रेंच वैद्य मॉरिस रेनोने बोटांतील रक्तवाहिन्यांच्या आकुंचनाचे वर्णन 1862 मध्ये केले, पण हवेच्या हत्यारांशी त्याचा संबंध लोरीगाने इटलीत 1911 च्या सुमारास दाखवला असे मानतात. अमेरिकी वैद्य ॲलिस हॅमिल्टनचे इंडियाना राज्यातील चुनखडी घडवणाऱ्या कारागिरांविषयीचे 1918 चे निरीक्षण अधिक तपशीलवार: थंड सकाळी, विशेषतः छिन्नी धरणाऱ्या हाताची बोटे पांढरी व बधिर होत. हत्यारातून निघणारी हवा प्रसरणामुळे गार असते, ही बाबही येथे लक्षात घ्यावी.

ग्राइंडरचा दाब ठरलेल्यापेक्षा वाढवला की फेरे चकतीच्या मर्यादेबाहेर जाऊन ती फुटू शकते. इम्पॅक्ट गनवर हाताच्या पान्याचे क्रोम सॉकेट लावू नये, जाड काळेच वापरावे. कानाला आच्छादन आवश्यक. भारतात कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 31 ने दाबाखालील संयंत्राचा सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय बंधनकारक केले.