प्रतिपालन आणि त्याचा लोकाश्रय (बेळगाव सीमाभाग)

प्रतिपालन म्हणजे स्वतःच्या घरी राहणे शक्य नसलेल्या मुलाला दुसऱ्या कुटुंबाने काही काळासाठी आपल्या घरात वाढवणे. मूल दत्तक जात नाही. त्याचे नाव-आडनाव तेच राहते, आई किंवा वडील हयात असतील तर त्यांच्याशी नाते टिकते आणि घरची घडी पुन्हा बसली की ते परतही जाऊ शकते. सरकारी कागदावर याला ‘प्रतिपालकत्व’ म्हणतात, कार्यालयांत सर्रास ‘फॉस्टर केअर’. बेळगाव-खानापूरकडच्या घरांत यातला कोणताच शब्द सहसा ऐकू येत नाही. तिथे ‘पोर आजोळी असतंय’, ‘मावशीनं सांभाळलंय’, ‘मामानं पदरात घेतलंय’ असे म्हणतात आणि विषय संपतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हे तालुके आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील कारवार, हल्याळ, जोयडा या मराठी बोलल्या जाणाऱ्या पट्ट्यात अशा मुलांसाठी व कुटुंबांसाठी झटणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना समाजाकडून जो आधार मिळतो, त्याला इथे ‘लोकाश्रय’ म्हटले आहे.

दत्तकाची ओळख या भागाला जुनी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्याच कित्तूर संस्थानात शिवलिंगप्पाचे दत्तविधान कंपनी सरकारने नाकारले आणि १८२४ साली राणी चन्नम्मा इंग्रजांविरुद्ध उभी ठाकली. वतन, वंश आणि मागे पाणी देणारा हात यांसाठी घराला मूल हवे असे, म्हणून दत्तक घेत. प्रतिपालनात गरज मुलाची असते आणि घर त्याच्यासाठी शोधले जाते. हा फरक लक्षात न आल्याने आजही संस्थेच्या कार्यकर्त्याला गावात पहिला प्रश्न येतो तो ‘जमिनीत वाटा मागंल काय?’ असा. प्रतिपालित मुलाला प्रतिपालकांच्या मिळकतीत वारसाहक्क नसतो, हे उत्तर दिल्यावर बैठकीतला ताण बराच सैल होतो.

परक्या मुलाला पोसण्याच्या मराठी रीती अनेक. गरीब विद्यार्थी सात घरी वार लावून जेवत. जातीच्या चौकटीत अडकलेली का असेना, एका मुलाचा भार सात चुलींवर वाटून घेण्याची ती पद्धत होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि तिथेच जन्मलेल्या यशवंतला पुढे आपला मुलगा म्हणून वाढवले. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहांना बळ दिले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होई. इकडच्या लिंगायत मठांच्या प्रसादनिलयांतही (मठांनी चालवलेल्या वसतिगृहांतही) पिढ्यान्‌पिढ्या मुले जेवली आणि शिकली. या परंपरेचे मोल मोठे आहे. मात्र तिने मदतीची सवय एका विशिष्ट वळणाला लावली: दान द्यायचे ते आश्रमाला, वसतिगृहाला, जिथे मुले एका ओळीत बसलेली दिसतात. आजीच्या दोन खोल्यांत वाढणारे मूल या ओळीत दिसत नाही आणि दात्याच्या नजरेतून सुटते.

कायदा

बालन्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. मुलाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे. कलम ४४ प्रतिपालनाविषयी, कलम ४५ प्रायोजकत्वाविषयी (मूल आपल्याच किंवा नातलगांच्या घरी राहावे म्हणून दिलेली मासिक मदत) आणि कलम ४६ अनुरक्षणाविषयी (अठरा वर्षांनंतरच्या आधाराविषयी) आहे. निर्णय जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा असतो. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना, आणि सदस्यांत किमान एक महिला हवी. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावे आणि समितीने प्रतिपालक घराची दरमहा पाहणी करावी, असे कलम ४४ सांगते. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची वाट मोकळी केली. एकटा पुरुष मात्र फक्त मुलग्यालाच सांभाळू शकतो. कायद्याने दत्तक देण्यास मोकळ्या ठरलेल्या प्रतिपालित मुलाला दोन वर्षांनंतर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येते. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेत प्रायोजकत्व आणि प्रतिपालन या दोन्हींसाठी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. विधवा, घटस्फोटित किंवा टाकलेल्या आईचे मूल, नातलगांकडे राहणारे अनाथ मूल, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या पालकांचे मूल हे प्रायोजकत्वाला पात्र. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये. ग्रामीण मर्यादा महिन्याला सहा हजारांची झाली. खानापूरच्या खेड्यातली आजी रोजगाराला जाते आणि मामा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कामाला आहे, एवढ्यानेच ती ओलांडली जाते. असे घर सरकारी व्याख्येत बसत नाही आणि मुलाचा खर्चही त्याला झेपत नाही. संस्थांकडे मदत मागायला येणाऱ्यांत अशी घरे असतातच, आणि लोकवर्गणीचा पैसा सर्वांत आधी इथेच जायला हवा.

सीमेमुळे पडणारा फेर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. सोयरिकी मात्र पूर्वीसारख्याच चालू राहिल्या. खानापूर, उचगाव, कडोलीच्या लेकी चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याला दिल्या जातात आणि तिकडच्या इकडे येतात. म्हणजेच मुलाचे घर एका राज्यात आणि आजोळ दुसऱ्यात, ही इथे नेहमीची गोष्ट. घरावर संकट आले की मूल स्वाभाविकपणे आजोळी जाते, आणि तिथून कागदांचा गुंता सुरू होतो.

समजा बाप वारला, आई गोव्यात घरकामाला गेली आणि मूल चंदगड तालुक्यातल्या आजीकडे राहिले. रेशनकार्ड, जन्मदाखला, बापाचा मृत्युदाखला सगळे कर्नाटकातले आणि कन्नडमध्ये. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, पण मूल महाराष्ट्रात राहते हे आधी सिद्ध करावे लागते. कर्नाटकच्या बाजूने अर्ज करायचा तर मूल जिल्ह्यात राहत नाही. कलम ९५ नुसार एका जिल्ह्याची समिती मुलाचे प्रकरण त्याच्या मूळ जिल्ह्याकडे पाठवू शकते. पण कलमात लिहिलेली तरतूद आजीच्या कामी यायची तर तिच्या वतीने बेळगाव आणि कोल्हापूर अशा दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालणारे कुणीतरी लागते. ते ‘कुणीतरी’ म्हणजे संस्थेचा कार्यकर्ता. त्याचा बसखर्च, झेरॉक्स आणि वाया गेलेला दिवस याला देणगीदार सहसा पैसे देत नाहीत. वह्या, दप्तरे, स्वेटर यांना देतात.

भाषेचा मुद्दा याहून नाजूक आहे. समितीपुढचे कागद कन्नडमध्ये असतात. बेळगावचे मूल दोन्ही भाषा गल्लीत ऐकतच वाढते, पण आजीला कन्नड वाचता येत नाही आणि ज्यावर अंगठा उमटवायचा त्यात काय लिहिले आहे हे तिला कळलेच पाहिजे. दोन्ही भाषा चांगल्या येणारे निवृत्त शिक्षक, वकील, पोस्टमन यांनी आठवड्यातून एक दुपार कागद वाचून दाखवायला दिली, तर ती या भागातली पहिल्या प्रतीची देणगी ठरते. तिला एक रुपयाही लागत नाही. शाळेचेही तसेच. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत सरकारी मराठी शाळा आहेत. मराठी शाळेतल्या चौथीच्या पोराला दूरच्या तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळेजवळच्या घरी ठेवले, तर आईबाप, गाव आणि शिकण्याची भाषा त्याच्याकडून एकाच महिन्यात जाते. कानडी घरातल्या मुलाला मराठी घरी ठेवले तरी हेच घडते. घर निवडताना मुलाची भाषा आणि शाळा यांचा विचार व्हावा, हा आग्रह दोन्ही बाजूंच्या संस्थांनी धरावा. सीमाप्रश्नावर कुणाचे मत काहीही असो.

आधार कसा मिळतो

बेळगावात गल्लीगल्लीत युवक मंडळे आहेत. गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी वर्गणी जमवण्याचा, हिशेब फलकावर लावण्याचा आणि रात्र रात्र राबण्याचा सराव त्यांना आहे. उत्सवाची शिल्लक एखाद्या मुलाच्या वर्षभराच्या शिक्षणासाठी बाजूला काढणारे मंडळ संस्थेला मोठ्या पाहुण्याच्या एकरकमी धनादेशापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण मंडळ त्याच गल्लीत असते आणि मूल शाळेत जाते की नाही हे त्याला रोज दिसते. महिला मंडळे आणि भिशीचे गट यांचा आधार याहून शांत असतो. सुगीनंतर इंटाण जातीचे तांदूळ, बटाटे, शेंगा घरोघरून गोळा होतात. शहापूर-वडगावच्या विणकर वस्तीत आणि निपाणीच्या विडी कामगार वस्तीत रोख रक्कम कमी निघते, पण ‘पोरगी दुपारी आमच्याकडं जेवंल’ असे सांगणारी काकू निघते. वार लावून जेवण्याची जुनी रीत जातीची चौकट टाकून इथे पुन्हा भेटते.

पतसंस्था, सहकारी बँका आणि उद्यमबागेतले कारखानदार यांची मदत सहसा वस्तूंच्या रूपाने येते: पाण्याची टाकी, संगणक, बसायची बाके. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खालचा सामाजिक निधी फक्त ठरावीक आकाराच्या कंपन्यांना लागू होतो. वैयक्तिक दात्यांना जुनी करप्रणाली निवडल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते, मात्र २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. गावाकडचा दाता बहुधा रोख देतो आणि पावतीची अपेक्षाही करत नाही. ती आठवणीने देणे संस्थेच्या हिताचे आहे. ‘पैसे गेले कुठे’ हा प्रश्न एकदा गावात फिरू लागला की पुढच्या सुगीला पोते येत नाही.

प्रतिपालक कुटुंबाला लागणारा आधार आणखी वेगळा असतो. नव्या घरात आलेले मूल रात्री अंथरूण ओले करते, ताटातली भाकरी खिशात लपवते, महिनाभर बोलत नाही. घरातल्या बाईला वाटते आपलेच चुकले. अशा वेळी दोन घरे पलीकडे हाच अनुभव घेतलेली दुसरी बाई असणे हा खरा दिलासा. म्हणून संस्थांनी प्रतिपालक आणि मुलाला सांभाळणाऱ्या आज्या यांच्या मासिक बैठका घ्याव्यात. चहा-पोह्यांचा खर्च सोडला तर त्यांना काही लागत नाही. बालरोगतज्ज्ञाने तपासणीचे पैसे न घेणे, रिक्षावाल्याने शाळेची फेरी फुकट करणे, शिकवणीच्या बाईंनी एक जागा राखून ठेवणे हेही याच मालिकेतले.

वाढदिवस, फोटो आणि मुलाची ओळख

बालगृहात जाऊन वाढदिवस साजरा करण्याची चाल बेळगावात आता चांगलीच रुळली आहे. केक, केळी, खाऊ वाटणे, मग मुलांच्या मधोमध उभे राहून फोटो. देणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मान्य करूनच पुढचे सांगायला हवे. कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. व्हॉट्सअॅपवर फिरलेला फोटो त्या मुलाच्या वर्गापर्यंत पोचतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला ‘आश्रमातला’ ही हाक ऐकावी लागते. मोठ्या मुली तर वाढदिवसाचे पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. सरावलेल्या संस्था खाऊ स्वीकारतात, फोटोला नम्रपणे नकार देतात आणि दात्याला विचारतात, ‘याच पैशांत एका मुलाची तीन महिन्यांची शिकवणी होते, चालेल काय?’ विचारल्यावर हो म्हणणारे दाते कमी नाहीत. अडचण होती ती कुणी विचारत नव्हते एवढीच.

देवदासी मातांची मुले

सौंदत्तीच्या यल्लम्माशी जोडलेल्या देवदासी प्रथेमुळे या जिल्ह्यात एक वेगळा प्रश्न उभा राहिला. कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने मुली देवाला सोडण्यास बंदी घातली, आणि निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात सीमेच्या दोन्ही बाजूंना या स्त्रियांमध्ये काम उभे राहिले. या मातांची मुले अनाथ नाहीत. आई आहे, ती मुलाला धरून आहे, पण अर्जातल्या ‘वडिलांचे नाव’ या रकान्यापाशी सगळे अडते. अशा मुलाला आईपासून काढून वसतिगृहात घालणे सोपे वाटते आणि वर्षानुवर्षे तेच झाले. प्रायोजकत्वाच्या मार्गाने आईच्या हातात दरमहा पैसे देणे आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून तो रकाना आईच्या नावाने भरून घेणे, यात मुलाचे जास्त भले आहे. लोकाश्रय इथे सर्वांत तोकडा पडतो. अनाथ म्हटले की हात खिशाकडे जातो. देवदासीचे मूल म्हटले की तो थबकतो.

अठरानंतर

अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह आणि प्रतिपालन दोन्ही संपतात. अनुरक्षणाची मदत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादाने तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते. या वयातली मुले उद्यमबागच्या कारखान्यांत, बाजारपेठेतल्या दुकानांत किंवा गोव्यातल्या हॉटेलांत कामाला लागतात. त्यांना अडते ते खोलीच्या डिपॉझिटला, पतसंस्थेच्या कर्जाला लागणाऱ्या जामीनदाराला आणि मुलीच्या बाबतीत लग्नाच्या बैठकीत तिच्या बाजूने बसणाऱ्या वडीलधाऱ्याला. काही प्रतिपालक घरे योजनेचे पैसे थांबल्यावरही ही कामे करत राहतात. पोरगी दिवाळीला आणि गावच्या जत्रेला त्यांच्याच दारी येते, आणि तिचे बाळंतपणही तिथेच होते.