स्टँडर्ड टनांचा घोळ: मोठ्या मॉडेल युद्धनौकांची पार्श्वभूमी

१:१०० प्रमाणात दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका बिस्मार्क बांधायची, तर पाण्यात उतरल्यावर तिचे वजन किती भरायला हवे? संदर्भग्रंथ चाळले तर तीन उत्तरे मिळतात: ३५,००० टन, ४१,७०० टन आणि ५०,३०० टन. प्रमाणाच्या घनाने, म्हणजे दहा लाखांनी भागले की मॉडेलसाठी अनुक्रमे सुमारे ३५.६, ४१.७ आणि ५०.३ किलो येतात (पहिला आकडा थोड्या जड लाँग टनांत आहे, बाकीचे मेट्रिक टनांत). पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळजवळ पंधरा किलोंचा फरक आहे. तिन्ही आकडे छापील आहेत. रेडिओवर चालणारी मोठी युद्धनौका पहिल्यांदाच मुळापासून बांधणाऱ्याची सर्वांत महाग चूक बहुतेक वेळा इथेच होते, आणि तिचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या एका करारात आहे.

६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनमध्ये पाच नौदलांनी मोठ्या युद्धनौकांवर मर्यादा घालून घेतल्या. एका युद्धनौकेला कमाल ३५,००० टन, तोफेला १६ इंच. मर्यादा घालायची तर मोजायचे काय हे आधी ठरवावे लागते, म्हणून ‘स्टँडर्ड विस्थापन’ ही संज्ञा घडवली गेली. विस्थापन म्हणजे नौका जेवढे पाणी बाजूला सारते त्याचे वजन, म्हणजेच नौकेचे वजन. नौका पूर्ण बांधलेली, खलाशांसह, दारूगोळा, अन्नधान्य आणि पिण्याच्या पाण्यासह समुद्रावर जायला सज्ज. पण इंधन आणि बॉयलरचे राखीव पाणी वगळून. टन म्हणजे २,२४० पौंडांचा लाँग टन, सुमारे १,०१६ किलोंचा. इंधन वगळण्याचा फायदा लांब पल्ल्याच्या नौका लागणाऱ्या नौदलांना झाला, कारण जास्त तेल वाहिल्याबद्दल त्यांच्या खात्यातून टन कापले गेले नाहीत. म्हणजे हा आकडा वाटाघाटींसाठी जन्मला. रिकाम्या टाक्यांनिशी कोणतीही नौका मोहिमेवर गेली नाही, तरीही पुढची कित्येक दशके वार्षिक संदर्भग्रंथांच्या तक्त्यांत हाच आकडा आधी छापला गेला.

बिस्मार्कच्या बाबतीत आणखी एक थर चढला. १९३५ च्या ब्रिटिश-जर्मन करारानंतर ती कागदोपत्री ३५,००० टनांचीच राहिली. प्रत्यक्षात तिचे स्टँडर्ड विस्थापन ४१,७०० मेट्रिक टन आणि पूर्ण भाराचे ५०,३०० मेट्रिक टन होते. जुन्या पुस्तकांतून आकडा उचलणाऱ्याच्या हाती राजकीय घोषणा लागते, आणि तो तिच्यावर तराजू लावतो.

मॉडेलवर याचा परिणाम मोजून दाखवता येतो. १:१०० च्या बिस्मार्कचे जलरेषेवरचे, म्हणजे पाण्याची पातळी अंगाला जिथे टेकते त्या रेषेवरचे, क्षेत्रफळ साधारण ६,००० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे सहा किलो वजन टाकले की ती एक सेंटिमीटर बसते. ४१.७ किलोवर थांबलेली नौका ५०.३ किलोच्या रेषेपेक्षा जवळजवळ दीड सेंटिमीटर वर तरंगते. तळाचा तांबडा रंग पट्ट्यासारखा उघडा पडतो, नौका ढकलणारे पंखे पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतात, सुकाणूची पकड सुटते, आणि वरचे बांधकाम पाण्यापासून तेवढेच उंच गेल्याने डोल वाढतो. यात एक दुरुस्तीही लागते. खरी नौका खाऱ्या पाण्यात तरंगत होती, मॉडेल गोड्या पाण्यात. त्याच रेषेवर बसवायचे तर वजन १.०२५ ने भागावे: ५०.३ चे ४९.१ किलो.

कोणत्या भाराची जलरेषा धरायची यावर जाणत्या बांधणाऱ्यांत अजून एकमत नाही. स्टँडर्ड रेषेचे समर्थक म्हणतात की तेवढ्यावर नौका डौलदार दिसते आणि तक्त्याशी ताडता येते. दुसरी बाजू पूर्ण भाराची किंवा अर्धेअधिक तेल भरलेल्या अवस्थेची रेषा धरते. छायाचित्रे दुसऱ्या बाजूने साक्ष देतात: बंदरातल्या किंवा मोहिमेवरच्या फोटोत पाण्याची कड जिथे दिसते, ती स्टँडर्ड रेषा जवळजवळ कधीच नसते. नवशिक्याने तर पूर्ण भाराचाच आकडा धरावा. त्या वजनातून नंतर चार किलो काढणे सोपे. कमी वजन धरून कापलेली जलरेषा आणि त्यावर केलेले रंगकाम पुन्हा करणे मात्र जड जाते.

असाच गोंधळ लांबीचाही आहे. टोकापासून टोकापर्यंत बिस्मार्क २५१ मीटर, जलरेषेवर २४१.६ मीटर. मॉडेलमध्ये हा फरक ९.४ सेंटिमीटरचा. ब्रिटिश तक्त्यांत अनेकदा तिसरीच लांबी असते, लंबरेषांमधली, म्हणजे आराखड्यावर नौकेच्या पुढच्या आणि मागच्या भागात काढलेल्या दोन उभ्या रेषांमधली. त्यामुळे आराखडा मोठा करून छापताना एकाच लांबीवर विसंबू नये. रुंदी मोजून मेळ बसतो का हे आधी पाहावे. शिवाय पोलादी नौकांच्या रेषा पत्र्याच्या आतल्या अंगाने काढत. खरा पत्रा या प्रमाणात नगण्य, पण मॉडेलच्या अंगावर लावायची लाकडी पट्टी नगण्य नसते. ३ मिलिमीटर जाडीची पट्टी लावणार असाल आणि फ्रेम, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या फासळ्या, तेवढ्याने आत कापल्या नाहीत, तर ३६ सेंटिमीटरची रुंदी ३६.६ होते.

आराखड्यावर काढलेली जलरेषा कोणत्या भाराची, हे तिथे लिहिलेले नसले तरी काढता येते. जलरेषेचे वीस समान भाग केले, तर एकवीस फ्रेम मिळतात. १:१०० ला त्यांच्यातले अंतर १२.०८ सेंटिमीटर. प्रत्येक फ्रेमचा पाण्याखालचा भाग आलेख कागदावर उतरवून चौकोन मोजावेत. फ्रेम अर्धीच छापलेली असेल तर दुप्पट करावी. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमचे क्षेत्रफळ निम्मे धरून सगळ्यांची बेरीज करावी आणि तिला १२.०८ ने गुणावे. येणारे घनसेंटिमीटर म्हणजे गोड्या पाण्यातले ग्रॅम. उत्तर ४१ हजारांच्या आसपास आले तर रेषा स्टँडर्ड, ४९ हजारांजवळ आले तर पूर्ण भाराची. एका संध्याकाळचे काम आहे आणि लाकूड कापण्याआधीच करायचे आहे.

प्रमाणांचा इतिहास त्यामानाने सरळ आहे. १:९६ म्हणजे एका फुटाला अष्टमांश इंच, १:४८ म्हणजे पाव इंच, १:१९२ म्हणजे सोळांश. ही गोदीतल्या आराखड्यांची मापे; मॉडेलवाल्यांना ती आयती मिळाली. मेट्रिक देशांत १:१०० आणि १:२०० रुजले, तर १:७२ आणि १:१४४ ला प्लास्टिक विमानांच्या संचांमुळे बळ मिळाले. १:१४४ चा एक वेगळाच पंथ १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाला, ज्यात बाल्सा या हलक्या लाकडाची पातळ कातडी असलेल्या नौका एकमेकींवर वायूच्या दाबाने छर्रे झाडतात. तिथले बांधकामाचे नियम वेगळे, म्हणून तिथली जाडी-वजने दिखाऊ मॉडेलला लावू नयेत.

वेगाचे गणित १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्की येथील चाचणी-टाकीत मेणाच्या मॉडेलांवर सिद्ध झाले: वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी होतो. १:१०० ला ३० नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे १.५४ मीटर, भराभर चालणाऱ्या माणसाइतका. पंख्याचे फेरे याच नियमाने दहापट होतात. डोलण्याचा काळही दहापट आखडतो, म्हणून छोटी मॉडेले खेळण्यासारखी थरथरतात. मोठ्या प्रमाणाची ओढ मुळात इथूनच आली.

रेडिओने बोट चालवण्याचा पहिला जाहीर प्रयोग १८९८ मध्ये न्यूयॉर्कला झाला. पण छंदात रेडिओ खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, २७ मेगाहर्ट्झवर. सुरुवातीचे संच एकाच खुणेचे. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर सुकाणू एका ठरलेल्या क्रमाने फिरे: डावे, मध्य, उजवे, मध्य. अशा यंत्रणेवर पन्नास किलोंची नौका सोपवण्यात अर्थ नव्हता. कांडी जेवढी ढकलाल तेवढेच सुकाणू वळेल, हे १९६० च्या दशकात साधले आणि मग आकार वाढू लागले. लांब अँटेनाची तार तेव्हा डोलकाठ्यांमधल्या बिनतारी तारेच्या जागी ताणली जाई. दिखाऊपणा आणि उपयोग एकाच तारेत. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झचे संच पसरले आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघे आल्याने नौका भरकटण्याचे प्रसंग जवळजवळ संपले. मात्र या लहरी पाण्यातून जात नाहीत. रिसीव्हर तळाशी, बॅटऱ्यांच्या मधोमध ठेवला तर दूरवर गेल्यावर संपर्क तुटतो. अँटेनाची टोके जलरेषेच्या वर, पितळी नळ्यांपासून दूर आणि एकमेकांशी काटकोनात बसवावीत. ब्रश मोटर असेल तर तिच्या ठिणग्यांचा रेडिओला होणारा त्रास दाबायला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर अजूनही लावावेत: एक दोन टोकांमध्ये, दोन टोकांपासून मोटरच्या खोक्याकडे. बिस्मार्कसारख्या तीन पंख्यांच्या नौकेत मोटरचा वेग सांभाळणारे तीन स्पीड कंट्रोलर असतील, तर रिसीव्हरला वीज एकाकडूनच जाऊ द्यावी. उरलेल्या दोघांच्या प्लगमधली लाल तार काढून टेपने गुंडाळावी.

बॅटऱ्यांनी वजनाचे कोडे उलटे केले. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरी जड म्हणून विमानवाल्यांनी टाकली. युद्धनौकांना तीच हवी होती. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी दोन ते अडीच किलोंची असते. अशा चार तळाशी ठेवल्या की आठ-दहा किलो बॅलास्ट (नौका स्थिर ठेवणारे तळाचे वजन), खलाशांच्या भाषेत नीरम, फुकटात मिळते. हलक्या लिथियम बॅटऱ्या आल्यावर कमी पडलेले वजन शिशाने भरून काढावे लागते. सुटे छर्रे घरंगळतात, म्हणून ते पाच-पाच किलोंच्या पिशव्यांत घालावेत, पिशव्या कप्प्यांत अडकवाव्यात आणि नौका पाण्यात ठेवल्यावरच भराव्यात. भरलेला फायबरग्लासचा हल (नौकेचे मुख्य अंग) दोन टोकांना धरून उचलला की मध्ये वाकतो आणि डेकच्या सांध्याला तडा जातो.

वरचे वजन ही दुसरी जुनी दुखरी जागा, आणि तीही करारांशी जोडलेली. १९३० च्या लंडन कराराने ६०० टनांखालच्या नौका मर्यादेबाहेर ठेवल्या, म्हणून जपानने छोट्या अंगावर मोठी शस्त्रे लादली. मार्च १९३४ मध्ये त्यांतली तोमोझुरु वादळात उलटली आणि त्यानंतर जपानी नौकांच्या स्थिरतेची नव्याने तपासणी झाली. मॉडेलमध्ये हीच चूक जाड प्लायवूडच्या मनोऱ्याने आणि भरीव रेझिनच्या तोफघरांनी होते. पारख सोपी आहे: नौका एका बाजूला कलवून सोडावी आणि एका पूर्ण झोक्याचे सेकंद मोजावेत. रुंदी मीटरमध्ये घेऊन ०.८ ने गुणली, सेकंदांनी भागली आणि उत्तराचा वर्ग केला की मेटासेंट्रिक उंची, म्हणजे नौकेच्या स्थिरतेचे माप, अंदाजे मीटरमध्ये मिळते. ३६ सेंटिमीटरच्या रुंदीला १.६६ सेकंद म्हणजे ३ सेंटिमीटर. झोका अडीच सेकंदांवर गेला तर उंची जेमतेम १.३ सेंटिमीटर उरते. मग मनोरे पोकळ करावेत. आत शिरलेले पाणीही हेच करते. रुंदीच्या दिशेने उभ्या केलेल्या भिंती ते एका कप्प्यात अडवतात, पण कलताना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर धावणारे पाणी रोखायला लांबीच्या दिशेने पडदी लागते.

थर लावून कोरलेले लाकूड, मग फ्रेमवर पट्ट्या, मग साच्यातला फायबरग्लास, असा हलचा प्रवास झाला. गेल्या दशकभरात त्यात थ्रीडी प्रिंटची भर पडली. फाइल हव्या त्या प्रमाणात ताणता येते, पण भिंतीची जाडीही तेवढीच ताणली जाते, आणि तुकड्यांचे सांधे आतून काचेचे कापड व इपॉक्सी न लावल्यास झिरपतात. अशा फाइलींत जलरेषा बहुधा कोरूनच दिलेली असते. ती कोणत्या भाराची, हे फाइल सांगत नाही. संगणकावर त्या रेषेखालचे घनफळ मोजले तर कळते.