मांसगोळ्यांचे सूप

खिम्याचे गोळे पातळ रश्श्यात शिजवून केलेला पदार्थ. मुंबईतल्या मराठी घरांत याला सूप कुणी म्हणत नाही. ते खिम्याच्या गोळ्यांचे कालवण, आणि प्यायला नव्हे, भातावर ओतायला.

याचा उगम एका गावात शोधणे व्यर्थ. कुटलेल्या मांसाचे गोळे प्राचीन रोमच्या पाककृतींतही आहेत. शब्दांचा माग मात्र निघतो. फार्सी ‘कूफ्तन’ म्हणजे कुटणे. त्यावरून आपला कोफ्ता, तुर्की ‘कोफ्ते’ आणि ग्रीक ‘केफ्तेस’. दुसरी वाट अरबी ‘बुंदुक’ची. मूळ अर्थ हेझलनट, म्हणजे छोटे गोल कवचाचे फळ, म्हणून तेवढा गोळा. त्यातून स्पॅनिश ‘आल्बोन्दिगा’ झाला. आपली बंदूकही याच शब्दाची: आधी गोळी, मग ती उडवणारे हत्यार.

मेक्सिकोत गोळ्यांत तांदूळ आणि पुदिना घालतात, रस्सा टोमॅटोचा. फिलिपिन्सला पोचेपर्यंत सोबत बारीक शेवया आल्या. ग्रीक युवर्लाकियात अंडे-लिंबू असते. अंडे फुटू नये म्हणून गरम रस्साच थोडाथोडा अंड्यात घालायचा, उलट नाही. रुमानियात आंबटपणा गव्हाच्या कोंड्याच्या आंबवणाचा. इंडोनेशियाचा बाक्सो टॅपिओकाच्या (साबुदाणा ज्या कंदाचा होतो त्याच्या) पिठामुळे दाताखाली उसळतो. इटलीच्या ‘वेडिंग सूप’चा लग्नाशी संबंध नाही, पालेभाजीचे आणि मांसाचे जमले, एवढाच मूळ नावाचा अर्थ.

मुंबईत अँग्लो-इंडियन घरांची ‘बॉल करी’ पिवळ्या भाताबरोबर खातात. इंग्रजी बोलीत ‘बॉल’ला अश्लील अर्थही आहे; पोरांनी तो शब्द उच्चारू नये म्हणून काही घरांत तिचे नाव ‘बॅड वर्ड करी’ पडले!

मराठी कालवणाचा सगळा जीव गोळा न फुटण्यात. खाटकाकडून खिमा दोनदा मशीनमधून काढून आणावा. मीठ घालून चांगला मळला की मांसातली प्रथिने सुटून चिकटपणा येतो. मिठाने कांद्याला पाणी सुटते, म्हणून तो पिळूनच घालावा. बांधायला डाळ्याचे पीठ किंवा भिजवून पिळलेला पाव. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा रस्सा खळखळला की आच कमी करून गोळे कडेने एकेक सोडायचे. ते धरेपर्यंत पळी घालायची नाही. पातेलेच फडक्याने धरून हलवायचे. हरभराडाळीच्या शाकाहारी गोळ्यांच्या आमटीलाही हीच सावधगिरी लागते. पहिला गोळा नेहमी परीक्षेचा. तो फुटला तर बाकीच्यांत आणखी पीठ मळतात. फुटलेला रश्श्यातच राहतो, रस्सा तेवढाच दाट होतो.