जुनी शिडाची बोट घेताय? आधी पाण्याखालचं झिंक बघा

मे २०२५ मध्ये नौदलाची शिडाची बोट आयएनएसव्ही तारिणी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्यात परतली, लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनीच ती नेली आणि आणली, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या काही जणांच्या डोक्यात शिडाची बोट घ्यायचं बसलंय. तारिणी आपल्या गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली, त्यामुळे मलाही प्रचंड आनंद झाला. पण नवीन बोट परवडत नाही, मग जुनी फायबरची शोधतात, ती मिळाली की सगळा पैसा शीड, रंग आणि गाद्यांवर जातो, आणि पाण्याखाली काय आहे विचारलं की उत्तर ठरलेलं, "फायबर आहे, गंजणार काय त्यात?"

फायबर नाही गंजत, बरोबर. पण बोट ढकलणारा पंखा ब्राँझचा, तो फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, पाणी आत घ्यायच्या झडपा म्हणजे सी-कॉक कधीकधी साध्या पितळेचे, नट-बोल्ट मिळतील त्या धातूचे, आणि हे सगळं एकाच खाऱ्या पाण्यात बुडालेलं.

नवी बोट घेतली की डोलकाठीला लिंबू-मिरची बांधतात, बोटीचं नाव बदललं तर अपशकुन म्हणतात. बोटीचं नशीब नावावर ठरत नाही. त्या लिंबात मात्र खरंच एक कामाची गोष्ट आहे. त्यात एक जस्ताचा खिळा आणि एक तांब्याची तार खुपसा, शाळेत केलेला तो सेल तयार. तुमची बोट पाण्यात उभी असते तेव्हा तिच्याखाली रात्रंदिवस हाच सेल चालू असतो.

म्हणूनच शाफ्टवर झिंकचा, म्हणजे जस्ताचा, एक तुकडा मुद्दाम बसवतात, स्वतः झिजून बाकीच्या धातूंना वाचवणारा, त्यालाच ॲनोड म्हणतात. होतं काय, तर झिंक इलेक्ट्रॉन सहज सोडतं, ब्राँझ तेवढं सोडत नाही. समुद्राच्या पाण्यात मोजलं तर झिंकचा विभव (विजेची पातळी) उणे १ व्होल्टच्या आसपास येतो, ब्राँझचा उणे ०.३ च्या आसपास, म्हणजे दोघांत साधारण ०.७ व्होल्टचा फरक. दोघं शाफ्टमधून जोडलेले असतील तर झिंकचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बनून पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन धातूतून पंख्याकडे जातात, तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, आणि सर्किट पुरं करायचं काम लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास असलेल्या मिठाचे आयन करतात. पंख्यात बाहेरून इलेक्ट्रॉन येत राहतात म्हणून त्याचे स्वतःचे अणू सुटत नाहीत. झिंक संपलं की मात्र रांगेतला पुढचा नंबर लागतो, आणि तो साध्या स्टीलचा छोटा नट असेल तर शेजारच्या मोठ्या पंख्यापुढे तो फार दिवस टिकत नाही. क्षेत्रफळाचं हे प्रमाण फार महत्त्वाचं.

हे इंग्लंडच्या नौदलाला आधी महागात पडून कळलं. १७६१ साली एचएमएस अलार्म या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले, खिळे लोखंडी. दोन वर्षांनी बघतात तर बरेच खिळे गेलेले, पण जिथे पत्र्यावरचा पॅकिंगचा तपकिरी कागद चुकून खिळ्याखाली राहिला होता तिथले खिळे शाबूत! कागदाने सर्किट तोडलं होतं. पुढे १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने तांब्याला मुद्दाम लोखंड-झिंकचे तुकडे जोडले, तांबं वाचलं, पण जहाजाला शंख-शिंपले चिकटायला लागले, कारण तांबं झिजून पाण्यात उतरत होतं तेच त्यांना दूर ठेवत होतं. मला हा भाग सगळ्यात आवडतो. तळाला मारायच्या बऱ्याच रंगांत आजही तांबं असतं ते यासाठीच.

आता गोव्याचं बघा. पावसाळ्यात मांडवीत वरून इतकं गोडं पाणी येतं की नदीत उभ्या बोटीखालचं पाणी जवळजवळ अळणी होतं. गोड्या पाण्यात झिंकवर पांढरा कडक थर बसतो आणि ते काम थांबवतं, नंतर पाणी खारट झालं तरी तो थर आपोआप जाईलच असं नाही. नदीत राहणाऱ्या बोटीला म्हणून ॲल्युमिनियमचे ॲनोड बरे. आणि वर्षभराने झिंक नवं कोरं दिसलं तर खूश होऊ नका, एकतर त्यावर कुणीतरी रंग मारलाय किंवा शाफ्टशी संपर्क नाही. झिंक आणि शाफ्ट यांच्यात मल्टिमीटर लावा, एक ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स हवा. अर्धं झिजलं की बदलायचं.

सी-कॉक पितळेचे असतील तर चाकूने जरा खरवडून बघा. पिवळं चमकलं तर ठीक, गुलाबी दिसलं तर पितळेतलं जस्त निघून गेलंय आणि उरलाय तो तांब्याचा सच्छिद्र सांगाडा, हातोडीच्या हलक्या ठोक्याने तुटू शकतो, आणि तो तुटला की बोटीत थेट नदी. लगेच ब्राँझचा बसवा.

लाकडी बोट असेल तर भरमसाठ झिंक लावायचा मोह टाळा. पंख्याकडे तयार होतात म्हटलं ते हायड्रॉक्साइड आयन ब्राँझच्या बोल्टभोवतीही तयार होतात, आणि ते अल्कली लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन खातं. बोल्टभोवती पांढरी पूड आणि मऊ, तंतू सुटलेलं लाकूड दिसलं तर झिंक कमी करा.