हार्ट रेट मॉनिटर घ्यावा का? फक्त वजनापुरता विचार

वय ४२, वजन ७५ किलो, विश्रांतीतली नाडी ७२. असा माणूस पुण्याच्या तळजाई टेकडीवर सपाट रस्त्याने ताशी साडेपाच किलोमीटरच्या चालीने पाऊण तास चालला, तर किती कॅलरी खर्च होतील? व्यायामशास्त्रातल्या नेहमीच्या कोष्टकात या चालीला साधारण ४ मेट दिलेले असतात. एक मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर होणारा खर्च, किलोमागे तासाला सुमारे १ कॅलरी. ४ गुणिले ७५ गुणिले पाऊण, उत्तर २२५. यातल्या ५६ कॅलरी तो घरी सोफ्यावर बसला असता तरी गेल्याच असत्या. चालण्याची निव्वळ कमाई १७०च्या आसपास.

आता हाच हिशोब नाडीवरून करू, कारण हार्ट रेट मॉनिटर, म्हणजे नाडी मोजणारं घड्याळ किंवा छातीचा पट्टा, नाडीवरूनच कॅलरी काढतो. चालताना नाडी १२५ असेल, तर नाडी, वजन आणि वयावरून कॅलरी काढणारं २००५ सालचं संशोधक केटेल आणि सहकाऱ्यांचं समीकरण या माणसासाठी मिनिटाला ४७ किलोज्यूल देतं, म्हणजे सव्वाअकरा कॅलरी. पाऊण तासाच्या झाल्या ५०७. माणूस तोच, रस्ता तोच आणि उत्तर दुपटीहून जास्त. मधल्या फरकात एक वडापाव सहज बसतो, आणि तो ‘आज कमावलाय’ म्हणून खाल्लाही जातो.

असं का होतं? शरीर किती कॅलरी जाळतंय हे खरं तर ऑक्सिजनवरून कळतं. एक लिटर ऑक्सिजन वापरला की सुमारे ५ कॅलरी गेल्या. स्नायूंना मिळणारा ऑक्सिजन तीन गोष्टींवर ठरतो: मिनिटाला ठोके किती, एका ठोक्यात हृदय रक्त किती ढकलतं आणि त्या रक्तातला किती ऑक्सिजन स्नायू काढून घेतात. यंत्राला यातली फक्त पहिली गोष्ट दिसते, बाकीच्या दोन ते सरासरीवरून गृहीत धरतं. केटेल यांचं समीकरण नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या मोजणीवर बेतलेलं आहे. बैठ्या कामाच्या माणसाचं हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, म्हणून तेवढ्याच कामाला त्याचे ठोके जास्त पडतात. समीकरण ते जास्तीचे ठोके जास्तीच्या मेहनतीत धरतं. म्हणजे वजन उतरवायला नुकती सुरुवात केलेल्या माणसालाच यंत्र सर्वांत जास्त फुगवलेला आकडा दाखवण्याची शक्यता असते.

पुढची गंमत अशी की दोन-तीन महिने नेमाने चालल्यावर त्याच रस्त्याला नाडी १२५ऐवजी ११५ राहते. काम तेवढंच, पण नाडीवर चालणारा हिशोब आता पाऊण तासामागे ६८ कॅलरी कमी दाखवतो. तब्येत सुधारल्याचा दंडच म्हणा! उलट, एप्रिलमध्ये सकाळी सहाऐवजी दहाला निघालात, तर शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने पाणी कमी होतं आणि नाडी दहा-बारा ठोक्यांनी सहज चढते. पुण्याच्या उन्हाने चरबी जळत नाही, फक्त आकडा वाढतो. कडक चहा, अपुरी झोप, नळस्टॉपला अडकलेली रिक्षा, या सगळ्यांनी ठोके वाढतात आणि यातल्या कशातही सांगण्यासारखी कॅलरी जात नाही. डंबेल उचलतानाही हेच होतं: मूठ आवळून जोर लावला की रक्तदाब आणि नाडी उसळते, ऑक्सिजनचा वापर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

चांगल्या घड्याळांत नाडीबरोबर वेग, पावलं आणि चढही धरले जातात, त्यामुळे चूक थोडी कमी होते, पण जात नाही. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. सातांपैकी सहांनी नाडी ५ टक्क्यांच्या चुकीच्या आत दाखवली. कॅलरीत मात्र त्यातल्या त्यात बऱ्या उपकरणाची चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. नाडी ठीक, कॅलरी बेभरवशाची, असा सरळ निकाल.

वजनावर प्रत्यक्ष परिणाम काय होतो, यावर पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ सालचा दोन वर्षांचा अभ्यास आहे. सगळ्यांना आहार आणि व्यायामाचा तोच कार्यक्रम होता, सहा महिन्यांनंतर निम्म्यांना हालचाल आणि कॅलरी मोजणारं, दंडावर बांधायचं उपकरण दिलं. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं होतं, बाकीच्यांचं ५.९ किलो. ते उपकरण नाडी मोजत नव्हतं, सहभागी लोक १८ ते ३५ वयाचे होते, हे लक्षात ठेवायला हवं. तरी ‘यंत्र बांधलं की वजन आपोआप उतरेल’ ही अपेक्षा त्यात टिकली नाही.

आपल्या ४२ वर्षांच्या माणसाकडे परत येऊ. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. रोज १७० कमावल्या आणि खाणं तेच ठेवलं, तर महिन्याला साधारण ६५० ग्रॅम उतरायला हवेत. घड्याळाच्या ५०७ वर विश्वास ठेवला, तर अपेक्षा होते दोन किलोंची. महिनाअखेर काटा बघून व्यायाम सुटतो तो इथेच. दुसऱ्या बाजूला, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० कॅलरी असतात आणि पोह्यांच्या फोडणीत एक मोठा चमचा तेल जास्त पडलं की १२०. आमच्या मते वजन हाच एकमेव हेतू असेल, तर पहिली खरेदी स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याची. तो काही शे रुपयांत येतो आणि त्याची चूक ग्रॅमात असते.

मग हार्ट रेट मॉनिटर कशासाठी? वेग राखण्यासाठी. बऱ्याच जणांची चूक दोन टोकांची असते. एक तर गप्पा मारत इतकं सावकाश चालायचं की नाडी ९५च्या वर जातच नाही, नाहीतर वेताळ टेकडीचा चढ दम लागेस्तोवर धावत घ्यायचा आणि पुढचे चार दिवस गुडघा धरून बसायचं. दोघांनाही आकडा समोर दिसल्याचा उपयोग होतो.

तो आकडा असा काढावा. कमाल नाडी म्हणजे २०८ वजा वयाच्या ०.७ पट, ४२ वर्षांना १७९. ‘२२० वजा वय’ हे जुनं सूत्र इथे १७८ देतं, पण साठीनंतर ते बरंच कमी सांगतं. १७९ मधून विश्रांतीतली ७२ वजा केली की उरतात १०७. याच्या ५० ते ७० टक्के पुन्हा ७२ मध्ये मिळवायचे: १२६ ते १४७. विश्रांतीतली नाडी सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी तीन दिवस मोजून सरासरी घ्यावी. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, तर या कामाला तो पुरतो. सूत्राची कमाल नाडी दहा-बारा ठोके इकडेतिकडे असू शकते, म्हणून वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागतोय ना, हेही बघावं. यंत्रावर ‘फॅट बर्न’ नावाचा खालचा पट्टा दिसतो, त्याच्या मोहात पडू नका. सावकाश चालताना कॅलरीतला चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं, पण एकूण कॅलरीच कमी जातात.

रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ही सूत्रं लागू होत नाहीत. गोळी ठोके वाढूच देत नाही, आणि आकड्याच्या मागे लागून माणूस जास्त ताण घेतो. मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

घ्यायचंच ठरलं, तर दोन प्रकार. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युतसंकेत पकडतो, म्हणून चढ-उतार आणि धावण्यात तो जास्त विश्वासू. बांधण्यापूर्वी आतल्या बाजूचे दोन्ही रबरी पट्टे पाण्याने ओले करायचे. कोरडे राहिले की पहिली पाच-दहा मिनिटं, घाम येईपर्यंत, आकडे उड्या मारतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत पॉलिस्टरचा सैल टी-शर्ट घासून तोच गोंधळ होतो, तेव्हा अंगालगतचा घालावा. परत आल्यावर मधली सेन्सरची डबी काढून पट्टा साध्या पाण्यात खळबळायचा. ओल्या पट्ट्यावर डबी तशीच राहिली तर तिला वाटतं माणूस चालतोच आहे, आणि सेल लवकर संपतो.

मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची ये-जा बघतं. ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, न सरकेल इतपत घट्ट हवं. सैल असलं की पावलांचा हादरा ते नाडी म्हणून मोजतं. झपझप चालताना मिनिटाला ११५-१२० पावलं पडतात, त्यामुळे ११८ हा आकडा नाडीचा की पायांचा हे कळत नाही. सायकलच्या हँडलवर मनगट वाकलं की तर विचारूच नका.

परतीची मुदत संपण्याआधी एक चाचणी घ्या. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढा, वर पोचताच बोटांनी मनगटाची नाडी १० सेकंद मोजून सहाने गुणा आणि घड्याळाच्या आकड्याशी ताडून बघा. उशीर नको, थांबल्यावर ठोके भराभर उतरतात. दहा सेकंदांत एक ठोका चुकला तरी सहाचा फरक पडतो, म्हणून तेवढा सोडून द्या. लागोपाठ तीन वेळा पंधराहून जास्त फरक आला, तर घड्याळ घट्ट करून पुन्हा बघा, आणि तरीही तोच प्रकार असेल तर सरळ परत करा.